टायर मोठा करण्याआधी अ‍ॅक्सलचा आकडा मोजा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मृग जवळ आला की जाड नक्षीच्या टायरबद्दलची पत्रं वाढतात. यंदाच्या बहुतेक पत्रांत "कोणत्या कंपनीचा घेऊ?" असं विचारलं आहे. "माझ्या गाडीच्या अ‍ॅक्सलला कोणता झेपेल?" हे मात्र एकाच पत्रात आहे, आणि खरं तर तोच प्रश्न आधी विचारायचा असतो. म्हणून या वेळी उत्तरांत आकडेमोड थोडी जास्त आहे. पेन-कागद जवळ ठेवा.

प्रश्न (काटोल): माझ्याकडे मॅन्युअल गिअरची जिम्नी आहे. बागेकडे जाताना शेवटचे दोन किलोमीटर कच्चा रस्ता, पावसाळ्यात नुसता चिखल. बाकी सगळं चालणं काटोल-नागपूर. मूळचे १९५/८० आर १५ टायर झिजले आहेत. दुकानदार म्हणतो, २३५/७५ आर १५ मड टेरेन (चिखलासाठीचे, रुंद खाचांचे) टाका, गाडी उंच होईल, बाकी काही फरक पडत नाही. टाकू का?

उत्तर: फरक पडतो, आणि तो दुकानात उभ्या उभ्या मोजता येतो. टायरवरचा पहिला आकडा म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. टायरची भिंत त्या रुंदीच्या किती टक्के उंच आहे, ते दुसरा आकडा सांगतो. तिसरा रिमचा व्यास, इंचात. भिंत रिमच्या वरही असते आणि खालीही, म्हणून ती दुप्पट करून रिममध्ये मिळवायची. तुमचा मूळ टायर: १९५ चे ८० टक्के १५६, दुप्पट ३१२, त्यात १५ इंचांचे ३८१ मिळवले की ६९३ मिमी. दुकानदाराचा टायर: २३५ चे ७५ टक्के १७६.२५, दुप्पट ३५२.५, अधिक ३८१, म्हणजे ७३३.५ मिमी. वाढ ५.८ टक्के.

आता अ‍ॅक्सल. मॅन्युअल जिम्नीचा फायनल ड्राइव्ह, म्हणजेच अ‍ॅक्सलचा आकडा, ४.०९ आहे. प्रोपेलर शाफ्ट (अ‍ॅक्सलला फिरवणारा लांब दांडा) ४.०९ वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. चाक मोठं झालं की त्याच एका फेऱ्यात रस्ता जास्त कापला जातो, म्हणजे इंजिनाला ४.०९ भागिले १.०५८, अर्थात ३.८६ चा अ‍ॅक्सल ओढावा लागतो. कुणी मेकॅनिक म्हणाला असता, "तुमचे दोन्ही क्राउन-पिनियन, म्हणजे अ‍ॅक्सलमधले दातेरी गिअर, काढतो आणि ३.८६ चे बसवतो", तर तुम्ही त्याला दारात उभं केलं नसतं. टायर बदलताना नेमकं तेच होतं.

जिम्नीचं १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन १३४ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, तोही ४,००० आरपीएमला. पाचव्या गिअरमध्ये ८० च्या वेगाला मूळ टायरवर इंजिन साधारण २,५०० वर फिरतं, २३५ वर २,३७० च्या आसपास. आरपीएम उतरले म्हणजे पेट्रोल वाचेल, असा अनेकांचा समज आहे. होतं उलट. इंजिन आपल्या ताकदीच्या पट्ट्यापासून आणखी लांब जातं, जरा चढ आला किंवा मागे संत्र्याचे कॅरेट भरले की अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबावा लागतो, आणि उड्डाणपुलाच्या प्रत्येक चढावर चौथ्यात उतरावं लागतं.

चिखलात मात्र दुकानदाराच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. लो रेंजमध्ये (फोर व्हीलचे सावकाश, जास्त ओढीचे गिअर) हा तोटा फारसा जाणवत नाही. पहिला गिअर ४.४२५, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लो २.००२ आणि अ‍ॅक्सल ४.०९ यांचा गुणाकार ३६.२ होतो. १,००० आरपीएमला गाडी मूळ टायरवर ताशी ३.६ किलोमीटर सरकते आणि २३५ वर ३.८. एवढ्यानं बागेत गाडी अडत नाही. मार बसतो तो हाय रेंजमध्ये, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला, आणि तुमच्या चालण्याचा मोठा भाग तिथेच आहे.

व्यासापेक्षा मोठा घोटाळा वजनात असतो. फिरत्या चाकाचं वजन इंजिनाला दोनदा उचलावं लागतं: एकदा पुढे नेण्यासाठी, एकदा फिरवण्यासाठी. टायरचं बहुतेक वजन बाहेरच्या कडेला असल्यामुळे त्यात वाढलेला एक किलो वेग घेताना गाडीत ठेवलेल्या पावणेदोन किलोसारखा वागतो. टायरमागे ६ किलो वाढले तर चार चाकांचे २४ किलो, आणि वेग घेताना ते ४० च्या वर भासतात. ब्रेकलाही तेवढंच ओझं थोपवावं लागतं, शिवाय चाक मोठं झाल्यामुळे त्याच ब्रेकची जमिनीवरची पकड ५.५ टक्क्यांनी घटते. म्हणून विकत घेण्याआधी दोन्ही टायर काट्यावर ठेवून पाहा. दुकानात काटा नसेल तर शेजारच्या किराणा गोदामात असतो. एकाच साइझच्या दोन कंपन्यांच्या टायरांतही काही किलोंचा फरक निघतो.

शेवटची अडचण रिमची. जिम्नीचा मूळ रिम साडेपाच इंच रुंद आहे. २३५/७५ आर १५ ला साधारण सहा इंचांपासून पुढचा रिम लागतो. अरुंद रिमवर तो चढतो, हवाही धरतो, पण नक्षी मधोमध फुगून राहते, कडा जमिनीला नीट टेकत नाहीत आणि मधला पट्टा आधी झिजतो. २१५/७५ आर १५ साडेपाचच्या रिमवर व्यवस्थित बसतो. त्याचा व्यास ७०३.५ मिमी, वाढ दीड टक्का, अ‍ॅक्सल ४.०३ असल्यासारखा. हा फरक पायाला कळत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे: २१५/७५ आर १५, ऑल टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा), हलक्या बांधणीचा. उंचीचं म्हणाल तर गाडी व्यासातल्या फरकाच्या निम्म्यानंच उठते. २३५ नं २० मिमी मिळतात, २१५ नं ५. दोन किलोमीटरच्या चिखलासाठी या १५ मिमीची किंमत वर्षभर हायवेवर मोजू नका. टायरवरचा लोड इंडेक्स ९६ पेक्षा कमी नको. ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो.

प्रश्न (कुही): भाऊ, घरी आमच्या बाबांच्या वेळची जीप आहे. इंजिन मागेच बदललं, आता डिझेल आहे. गिअरबॉक्स कोणता, अ‍ॅक्सल कोणता, सांगणारं कुणी उरलं नाही. ६.०० - १६ चे (रुंदी आणि रिम, दोन्ही इंचात) बटण टायर आहेत. ७.०० - १६ टाकले तर गाडी मरगळेल का? अ‍ॅक्सलचा आकडा कसा काढायचा?

उत्तर: अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. आकडा हातानं काढता येतो. खडू, जॅक, घोडी (जॅक स्टँड) आणि जोडीला एक माणूस हवा.

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा. यात हयगय नको. विलीज साच्याच्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसमागे शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा) त्या चाकाला मोकळं फिरू देतं, आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. तसाही मोजताना तो सोडावाच लागणार आहे. मागचं एकच चाक उचला, अ‍ॅक्सलखाली घोडी द्या, दुसरं चाक जमिनीवरच राहू द्या. फोर व्हील काढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये. प्रोपेलर शाफ्टवर आणि त्याच्या समोर हाउसिंगवर खडूच्या दोन रेघा समोरासमोर मारा. टायरच्या भिंतीवर एक रेघ, तिच्यासमोर बॉडीवर एक.

आता एकानं चाक सावकाश फिरवायचं, दुसऱ्यानं शाफ्टचे फेरे मोजायचे. एक चाक जमिनीवर अडलेलं असल्यामुळे क्राउन व्हील चाकाच्या निम्म्या वेगानं फिरतं. म्हणून चाकाचे २० फेरे म्हणजे क्राउनचे १०. शाफ्टचे जेवढे फेरे भरतील त्याला १० नं भागा. साधारण ५४ फेरे आले तर ५.३८ (क्राउनला ४३ दात, पिनियनला ८). ४९ च्या जवळ आले तर ४.८८ (३९ आणि ८). ३७ च्या जवळ आले तर ३.७३. दोनच फेरे फिरवून अंदाज बांधणारे ४.८८ आणि ५.३८ मध्ये हटकून चुकतात, म्हणून २० फिरवा.

हेच पुढच्या अ‍ॅक्सललाही करा. तिथे फ्री व्हीलिंग हब (चाक शाफ्टपासून मोकळं करणारे) असतील तर लॉक करा, आणि ठोकळे आता मागच्या चाकांना. हा भाग टाळू नका, कारण इतक्या वर्षांत मागचा अ‍ॅक्सल दुसऱ्या गाडीचा बसवलेला असू शकतो. मागे ४.८८ आणि पुढे ५.३८ असेल तर फोर व्हील टाकताच पुढची-मागची चाकं एकमेकांविरुद्ध ओढतात. चिखलात ती घसरून निभावतात. कडक जमिनीवर लिव्हर अडकतो, मग युनिव्हर्सल जॉइंट किंवा ट्रान्सफर केस तुटतो. अशा जीपला कोणताही टायर टाका, उपयोग नाही. आधी दोन्ही आकडे सारखे करा.

आता टायर. विलीज सीजे-३बी ला कारखान्यातून ५.३८ यायचा. त्या वेळच्या पेट्रोल इंजिनाला तो शोभायचा. डिझेल इंजिन कमी आरपीएमवर ओढतं आणि फार वर फिरवलं की नुसतं ओरडतं. तुमचा आकडा ५.३८ निघाला आणि टॉप गिअर सरळ १:१ असेल, तर ६.०० - १६ वर ६० च्या वेगाला इंजिन साधारण २,३५० वर असेल. ७.०० - १६ नं ते २,२०० च्या आसपास येईल. इंजिनाला उसंत मिळेल, गाडी मरगळणार नाही. म्हणजे काटोलच्या वाचकांना जे आम्ही नको म्हटलं, तेच तुमच्या जीपला मानवू शकतं. आकडा ३.७३ निघाला तर मात्र ६.०० वरच राहा. टायर एका फेऱ्यात किती अंतर कापतो ते असं निघतं: टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी पाच फेरे ढकला, टेपनं मोजा, पाचनं भागा. वजनाखाली दबलेल्या टायरचा खरा घेर हाच. छापील साइझवरून काढलेल्या घेरापेक्षा तो थोडा कमीच भरतो. नवे टायर घेताना स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या स्प्रिंगला घासतात का, तेवढं पाहून घ्या.

प्रश्न (धरमपेठ): काटोलच्या वाचकांसारखीच जिम्नी, पण ऑटोमॅटिक. कंपनीनं तिला ४.३० चा अ‍ॅक्सल दिला आहे. मग मला २३५ चालतील ना? चिखलदऱ्याला वर्षातून चार-पाच वेळा जाणं होतं.

उत्तर: अ‍ॅक्सलचा आकडा एकटा बघून चालत नाही, गिअरबॉक्ससोबत बघावा लागतो. ऑटोमॅटिकचा पहिला गिअर २.८७५ आणि चौथा ०.६९७ आहे. चौथ्यात एकूण गुणाकार २.९९७ येतो, मॅन्युअलच्या पाचव्यात ४.०९. म्हणजे तुमची गाडी टॉपमध्ये आधीच खूप लांब पल्ल्यावर चालते: ८० ला साधारण १,८३५ आरपीएम. २३५ टाकले की १,७३५. तिथे या इंजिनात ओढ उरत नाही, त्यामुळे गिअरबॉक्स चौथा-तिसरा, चौथा-तिसरा करत राहतो. प्रत्येक वेळी टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक-अप (इंजिन आणि गिअरबॉक्सची थेट जोडणी) सुटतं आणि तेल तापतं. मेमध्ये पारा ४५ च्या वर असताना घाटात हे गिअरबॉक्सच्या मुळावर येतं. २१५/७५ च्या पुढे जाऊ नका. घाट चढताना आणि उतरताना ओव्हरड्राइव्ह (चौथा गिअर) बंद ठेवा.

प्रश्न (मनीषनगर): थार एलएक्स आहे, २५५/६५ आर १८. पेंच, उमरेडकडचे जंगलालगतचे रस्ते आणि महिन्यातून एकदा समृद्धी. १६ चे रिम घेऊन जाड टायर टाकायचे आहेत. कोणता साइझ? दहा प्लायचे घ्यावेत असं सगळे सांगतात.

उत्तर: १६ ची कल्पना चांगली आहे. थारच्या एएक्स प्रकाराला कारखान्यातूनच २४५/७५ आर १६ येत होते, त्यामुळे ब्रेकवर १६ चा रिम बसतो याची खात्री आहे. तुमचा आताचा व्यास ७८८.७ मिमी. २४५/७५ आर १६ चा ७७३.९, म्हणजे १.९ टक्के लहान. अ‍ॅक्सल तेवढा ताकदीच्या बाजूला झुकतो. भिंत १६६ वरून १८४ मिमी होते, आणि दगडांच्या रस्त्यावर कामाला येते ती ही भिंतच. उंची हवीच असेल तर २६५/७५ आर १६: ८०३.९ मिमी, तुमच्या आताच्या टायरपेक्षा तेवढाच १.९ टक्के मोठा, भिंत १९९ मिमी. थारच्या २.२ लिटर डिझेलचा ३०० न्यूटन-मीटर टॉर्क १,६०० आरपीएमपासून मिळतो, त्यामुळे ही वाढ कळतही नाही. २८५/७५ आर १६ (८३३.९ मिमी, ५.७ टक्के) डिझेलला ओढता येईल, पण मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासणं, वजन आणि सुकाणूवरचा ताण बघता रोजच्या गाडीला आम्ही तो सुचवणार नाही.

दहा प्लायबद्दल थांबून विचार करा. आजच्या रेडियल टायरवर "१० प्लाय रेटिंग" लिहिलेलं असतं, म्हणजे आत दहा थर आहेत असं नाही. ती जुन्या मोजमापातली ताकद आहे. लोड रेंज ई म्हणजे तीच. हा टायर मालवाहू वजनासाठी बांधलेला असतो: जड, भिंत ताठ, आणि तेच वजन पेलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. दारावरच्या स्टिकरची हवा यात भरली तर तो कमी हवेवर चालतो, भिंत सतत दुमडते आणि तापते. समृद्धीच्या सिमेंटवर मेमधल्या दुपारी तापलेला टायर फुटतो, त्यामागे बहुतेक वेळा हीच कमी हवा असते. जंगलालगत बांबूची खुंटं आणि शेतातली तुरीची धसकटं भिंत फाडतात हे खरं, त्यामुळे मजबूत भिंत हवी. त्यासाठी लोड रेंज सी किंवा डी पुरते.

हवेचा खरा आकडा असा काढा. सकाळी गाडी सावलीत थंड असताना स्टिकरपेक्षा ४ पीएसआय जास्त भरा. नक्षीवर आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ ओढा आणि सपाट सिमेंट रोडवर दोन-तीनशे मीटर सरळ जा. मधला खडू पुसला आणि कडांचा राहिला तर हवा जास्त. कडांचा पुसला आणि मधला राहिला तर कमी. दोन-दोन पीएसआयनं बदलत रेघ सारखी पुसली जाईपर्यंत करा, चारही चाकांवर. मग तासभर हायवेवर चालवून लगेच पुन्हा मोजा. ४ ते ६ पीएसआयपेक्षा जास्त वाढली असेल तर थंड असताना हवा कमी होती. तापलेल्या टायरमधून हवा सोडून आकडा जुळवू नका.

स्पीड रेटिंग क्यू म्हणजे १६० किमी. समृद्धीवर कारला १२० ची परवानगी आहे, त्यामुळे नियमात बसतं. तरी जाड नक्षीच्या टायरवर ९० च्या पुढे जाऊ नका. रबर जितकं जाड तितकी आतली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो. विकत घेताना टायर कधी बनला ते सांगणारे भिंतीवरचे चार आकडे वाचा: १४२४ म्हणजे २०२४ चा चौदावा आठवडा.

प्रश्न (हिंगणा): मागचे दोन टायर गुळगुळीत झाले, पुढचे अर्धे आहेत. फक्त मागचे दोन नवे, जाड नक्षीचे टाकले तर? गाडी फोर बाय फोर आहे.

उत्तर: पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये हे करू नका. फोर व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना कुलूप लावल्यासारखे जोडले जातात, मध्ये फरक सोसणारं डिफरन्शियल नसतं. साइझ तोच असला तरी नव्या टायरची नक्षी झिजलेल्यापेक्षा ५ मिमी खोल असेल तर व्यासात १० मिमी फरक पडतो. ६९३ मिमीच्या टायरला तो जवळपास दीड टक्का होतो. चिखलात चाक घसरून हा फरक गिळतं. मुरमाच्या कडक रस्त्यावर किंवा सिमेंटवर तो शाफ्टमध्ये पीळ बनून साठतो. लक्षणं ओळखा: फोर व्हीलचा लिव्हर निघत नाही, वळताना गाडी अडखळते, थोडं रिव्हर्स घेतलं की "खट्" आवाज होऊन मोकळी होते. बजेट नसेल तर चारही साध्या नक्षीचे घ्या, पण चारही सारखे. आणि आता पाचवं चाक फिरवण्यात धरा, म्हणजे स्टेपनी नवीकोरी आणि बाकी चार झिजलेली अशी वेळ येणार नाही.

प्रश्न (कळमेश्वर): काळ्या मातीत मड टेरेन की ऑल टेरेन?

उत्तर: काळी माती भिजली की चिकटते, आणि टायरच्या खाचा भरल्या की कोणतीही नक्षी गुळगुळीतच. मड टेरेनच्या रुंद खाचा चाक जोरात फिरलं तरच माती फेकतात. सावकाश रांगणाऱ्या गाडीत तोही भरून जातो. वर्षातले चार महिने रोज चिखलातून जाणं असेल तर मड टेरेन, नाहीतर ऑल टेरेन. ओल्या सिमेंटवर मड टेरेनचे मोठे ठोकळे कमी धरतात, आणि नागपुरात सिमेंट रोड चुकवून जाणार कुठे?

रुंद टायरपेक्षा अरुंद बरा, जिथे वीतभर खाली मुरूम लागतो तिथे. तो चिखल कापून खाली टेकतो. आणि टायर मोठा करताना मडगार्डमधली जागा कमी होते, तिथे काळी माती ठासून बसते. सुकली की विटेसारखी. ती एबीएसची वायर किंवा ब्रेकची नळी ओढून तोडते. शेतातून आल्यावर त्याच दिवशी पाण्याच्या जोरानं आतून धुवा. चिखलात हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली तर ठसा लांब होतो, पण तशा हवेवर ३० च्या वर चालवू नका, आणि डांबरी रस्ता लागताच परत भरा. हवा भरायचा छोटा पंप गाडीत नसेल तर उतरवूच नका.

प्रश्न (वाडी): मोठे टायर टाकून झालेत, गाडी ओढत नाही. क्राउन-पिनियन बदलले तर?

उत्तर: नवा आकडा काढायचा हिशेब सोपा आहे: जुना आकडा गुणिले नवा व्यास, भागिले जुना व्यास. ४.०९ च्या गाडीला ६९३ वरून ७३३.५ केलं तर ४.३३ हवा. बाजारात नेमका तो नसतो, त्याच्या जवळचा, शक्यतो वरचा घ्यायचा. पुढे आणि मागे दोन्हीकडे एकदमच.

काम मात्र सगळ्यांना जमत नाही. पिनियनच्या बेअरिंगचा प्रीलोड (आवळलेपणा) स्केलनं मोजून ठेवावा लागतो, क्रश स्लीव्ह (तो राखणारी, दबणारी नळी) नवीनच लागते, दातांमधला खेळ डायल गेजवर कंपनीच्या मापात (बहुधा ०.१० ते ०.२० मिमी) बसवावा लागतो, आणि दातांना रंग लावून ठसा दाताच्या मधोमध पडतो का ते बघावं लागतं. ज्याच्याकडे डायल गेज नाही त्याच्याकडे हे काम देऊ नका. नव्या जोडीला पहिले ८०० किमी ओझं नको, पहिल्या २५-३० किमीनंतर थांबून थंड होऊ द्या, आणि ८०० ला तेल बदला. आकडा जितका मोठा, पिनियनचं डोकं तितकं लहान आणि नाजूक, हेही लक्षात घ्या. वाढ ३ टक्क्यांच्या आत असेल तर काही करू नका. ६ पर्यंत असेल तर लहान टायरवर परत येणं स्वस्त पडतं. त्यापुढेच या खर्चाला अर्थ आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ माहितीशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. कंपनीनं त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला दिलेला साइझ निवडला तर विमा दाव्याच्या वेळी वाद कमी होतो.

प्रश्न (बुटीबोरी): टायर ५ टक्के मोठे केले. स्पीडोमीटर किती चुकीचा दाखवेल?

उत्तर: स्पीडोमीटर आणि किलोमीटरचा आकडा वेगवेगळे तपासा. कारखान्याचा स्पीडोमीटर मुळात थोडा जास्तच दाखवतो, त्यामुळे मोठ्या टायरवर तो खऱ्याच्या जवळ येतो किंवा किंचित कमी दाखवतो. फोनवरच्या जीपीएसशी ६० आणि ८० ला जुळवा. किलोमीटरचा आकडा मात्र आधी बऱ्यापैकी अचूक असतो आणि आता ५ टक्के कमी मोजेल. हायवेच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडांवर १० किमी चालवून पाहा. मीटरवर साडेनऊ भरले तर समजा. मायलेज काढताना मीटरचे किलोमीटर १.०५ नं गुणा, नाहीतर नव्या टायरवर उगाच जास्त आळ येईल. सर्व्हिस १०,००० ला असेल तर मीटरवर ९,५०० झाल्यावरच करा.

आणि मागच्या दारावर लटकलेली स्टेपनी विसरू नका. मोठा टायर तिथे गेला की बिजागरांवरचं ओझं वाढतं. दार उघडून कडेला धरून वर उचला. खडखड झाली तर बिजागराचे बोल्ट कसा, आणि स्टेपनीचे नटही त्याच वेळी बघा.